खालून कापलेल्या गोष्टी

छापखान्यात एकतीस वर्षं अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या तात्यांचा राग सहसा बोटांत उतरायचा. त्या सकाळी तो तोंडावर आला.

संपादकांनी वाचकांच्या पत्रांचा गठ्ठा त्यांच्यापुढे टाकला. "मासिकातली विज्ञानकथा बंद करतोय, तात्या. लोकांच्या डोक्यावरून जाते. सगळे एकच विचारतात, पुढे काय झालं?"

तात्यांची बहीण चौथी शिकलेली. शिलाई मशीनवर बसून ती दर महिन्याची विज्ञानकथा वाचायची आणि चंद्रावर घाम सुकतो का, असलं काहीबाही विचारायची. विज्ञानाचं पुस्तक तिने कधी हातात धरलं नव्हतं. अशी माणसं डोक्याने कमी होती होय?

मग सगळे पुढचंच का विचारत होते? त्यांनी तीन महिन्यांचे अंक हस्तलिखितांशी ताडून पाहिले. तिन्ही गोष्टींचा शेवट गायब. आपण जुळवलेलं छापून कसं आलं, हे आपण उघडूनही पाहिलं नाही, याने ते आणखी पेटले.

जुळवलेल्या मजकुराची पानं बांधणारा फोरमन नवा, दैनिकातून आलेला. तिथे बातमी लांबली की खालून कापायची. इथेही जाहिरात आली की तो तेच करायचा.

"गोष्टीतलं यंत्र का बिघडलं, हे शेवटी कळतं. तेच तू टाकून दिलंस," तात्या त्याला म्हणाले.

"तात्या, अर्धं पानच तर होतं."

"वीतभरच तर कापड म्हणून तुझ्या विजारीची बैठक कापू?"

संपादक मध्ये पडले. "झालं ते झालं. पुढच्या अंकात एक पान देतो. त्यावर पत्रं आली तर बघू."

तिन्ही शेवट एका पानात मावेनात. तात्यांनी सगळ्यात बारीक टाईप काढला. दुपारचा डबा तसाच राहिला. एक शब्द गाळला नाही. पान स्वतः बांधलं, छापताना यंत्रापाशी उभे राहिले.

महिन्याभराने पत्रं आली. एका लेथवाल्याने लिहिलं होतं की गोष्टीतलं यंत्र तसं तापून बिघडणारच नाही, लेखकाला कारखान्यात पाठवा. दोन शिक्षिकांनी नेमकं उलट लिहिलं होतं, की ते तापणारच.

"कथा चालू ठेवू," संपादक म्हणाले. "फोरमनचं आता विसरा."

"विसरत नाही. यापुढे गोष्टीचं पान मी बघितल्याशिवाय यंत्रावर चढणार नाही. तसं त्याला माझ्यासमोर सांगा."

संपादकांनी फोरमनला हाक मारली. तो येईपर्यंत तात्या बसले नाहीत.