रिकामी ओळ

माझ्या मामाला गहू संशोधन केंद्रात सगळे ‘एकदाणे’ म्हणायचे. आडनाव वाटावं इतकं ते रुळलं होतं. एका नव्या पोस्टमननं तर खुद्द मामालाच विचारलं होतं, "एकदाणे कुठं राहतात हो?" मामानं शाळेतल्या पोरासारखा हात वर करून "हजर" म्हटलं होतं.

नाव पडलं कामावरून. तिथल्या शास्त्रज्ञ मॅडमनी दोन गव्हांचा संकर केला होता. एक बुटका, भरघोस दाण्यांचा. दुसरा जुना, उंच, पण तांबेरा रोगाला दाद न देणारा. त्यांच्या नातवंडा-पतवंडांच्या शेकडो ओळी मामाच्या हवाली होत्या. दर हंगामात प्रत्येक झाडाचा एकच दाणा पुढं पेरायचा. पिढ्यानपिढ्या असं केलं की प्रत्येक ओळ आपल्या गुणांवर स्थिर होते. मग प्रत्येकीचं बी ओळभर पेरून कुणाची उंची किती, ओंबी कधी येते, दाणा किती भरतो हे मोजायचं, पानांचे तुकडे प्रयोगशाळेत द्यायचे, आणि कुठला गुण गुणसूत्रावर नेमका कुठं बसलाय याचा नकाशा काढायचा. अट एकच, निवड करायची नाही. जोमदार असो की मरतुकडं, प्रत्येकाचा एक दाणा.

मामानं ही अट बाजारातही पाळली. कांदे हाताला येतील तसे पिशवीत टाकायचा. मामी कपाळाला हात लावायची. "अहो, निम्मे सडके आहेत. मलाही असंच आणलंत वाटतं, समोर आली म्हणून?"

"पण तू चांगली निघालीस की," मामा म्हणायचा.

त्यांची एकुलती एक मुलगी बबी. साधा ताप म्हणता म्हणता तो डोक्यात गेला आणि होत्याचं नव्हतं झालं. मामा तिच्या उशाशी हॉस्पिटलात बसलेला असताना इकडं शेतात एकशे सदतीस नंबरची ओळ वाळून गेली. ती पहिल्यापासूनच रोगट होती. मामा तिला काडीचा आधार द्यायचा आणि बाकीचे लोक त्याला हसायचे. परत आल्यावर त्यानं तिचा शिल्लक ठेवलेला दाणा पेरून पाहिला, तो रुजला नाही. अशा वेळी नंबरापुढं ‘मेली’ एवढंच लिहायचं आणि जागा मोकळी सोडायची असते. मामाचा हात ते लिहायला धजला नाही. त्यानं शेजारच्या ओळीचा एक दाणा घेतला आणि तिथं पेरला.

त्याच सुमाराला मला त्यांच्याकडे आणलं. आम्ही चार बहिणी, त्यात मी सगळ्यांत तोंडाळ, म्हणून घरी मला टिटवी म्हणत. "एक तिकडं राहिली तर मामीचं मन रमेल," आई म्हणाली. मला कुणी विचारलं नाही, पण मी खुशीत गेले. तिथं वेगळी खोली होती, कपाटभर फ्रॉक होते. ते सगळे बबीचे. तिच्या चपला मला बोटभर लहान व्हायच्या. मामी त्या माझ्या पायात कोंबायची आणि म्हणायची, "पाय किती वाढले गं तुझे, बबी."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मामाकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता. मग मी ओ दिली. पुढं पुढं मला ती हाक आवडायला लागली. चौथ्या मुलीला इतक्या मायेनं कोण हाक मारतं? मामीनं लेकीसाठी डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. लोक तिच्या धीराचं कौतुक करायचे.

असे काही हंगाम गेले. एका सुट्टीच्या दिवशी मी मामाचा डबा घेऊन प्रयोगशाळेत गेले, तर मॅडम त्याच्यासमोर दोन कागद धरून उभ्या होत्या.

"एकदाणे, एकशे सदतीस आणि एकशे अडतीस गुणसूत्रांवरच्या प्रत्येक खुणेवर जुळतात. सख्खी भावंडंसुद्धा इतकी सारखी नसतात. पाकिटांची अदलाबदल झाली का?"

"नाही. सदतीस मेली. मीच शेजारचा दाणा लावला."

"तुम्ही? का?"

"जागा रिकामी बघवेना, मॅडम."

मॅडम रागावल्या नाहीत. स्टूल ओढून त्याच्याजवळ बसल्या. "रिकामी जागा असली तर माझा नकाशा थोडा विरळ होतो, एवढंच. पण जी नाही तिच्या नावावर दुसरीचे गुण मांडले, तर तो चुकतो. मेली ती मेली लिहा, एकदाणे."

मामानं तिथंच पेन काढलं आणि लिहिलं. मग शेतात जाऊन त्या ओळीची हिरवीगार झाडं मुळासकट उपटली. डबा तसाच राहिला.

संध्याकाळी घरी मामी भाजी निवडत होती. "बबी, पाणी दे बाबांना," ती म्हणाली. मी उठले. मामानं हातानं मला थांबवलं.

"अगं, हिला हिच्या नावानं हाक मार."

"का? काय झालं?"

"ही टिटवी आहे. माझ्या बहिणीची मुलगी. बबी गेली."

हे वाक्य त्या घरात तोवर कुणी उच्चारलं नव्हतं. मामी खाली मान घालून काड्या मोडत राहिली. तिनं विचारलं, "मग आता मी बबी कुणाला म्हणू?"

मामी तेव्हा रडली, भाजीची परात मांडीवर तशीच ठेवून. तिचं ते रडणं ऐकवत नव्हतं. मामा शेजारी बसून राहिला, आणि मी दारात उभी. मामाचं बरोबरच होतं, हे आज मला कळतं. तेव्हा मला त्याचा मनस्वी राग आला होता. त्याची मुलगी दुसऱ्यांदा गेली असेल, पण माझी तर आई गेली होती.

रात्री मामीनं ताटं मांडली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "टिटवी, जेवायला बसतेस ना?"

आवाज मऊच होता. पाहुण्यांच्या मुलीला विचारावं तसा. मी "हो मामी" म्हटलं आणि हात धुवायला गेले.