भरलेला भाता

माझ्या मुलीच्या खेळातले सगळे बाण मी दोन दुपारींत उडवून टाकले. झाडांवर, पाण्यात, एका कोंबडीवर आणि बरेचसे नुसतेच आभाळात. ते तिनं किती दिवस खपून जमवले होते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी मी हात आवरला असता असं छातीठोक सांगता येत नाही. हातात आलेल्या वस्तूचा मी लगेच ताबा घेते, असं आमच्या घरात सगळेच म्हणतात.

मालेगावातल्या, त्या मोठ्या प्रसिद्ध नव्हे, आमच्या छोट्या मालेगावातल्या एका शाळेत मी मराठी शिकवते. आम्हाला ही एकच मुलगी. ती पुण्याला असते आणि माझ्याशी बोलत नाही. तिच्या बाबांशी बोलते, रविवारी, ते त्यांच्या कृषी केंद्रात बसलेले असताना. ते घरी असताना फोन केला तर मी तो मध्येच ओढून घेईन, हे तिला पक्कं माहीत आहे. आणि मी घेईनच.

हा खेळ ती सहावीपासून खेळायची. तिच्या मामानं आधी एक हातात मावणारं यंत्र आणून दिलं, पुढं टीव्हीला जोडायचं मोठं आलं. एकाच मालिकेचे चार भाग तिच्याकडे होते. कुठलंसं राज्य, त्यात राक्षस, आणि एक तरुण जो दर भागात रिकाम्या हातानं उभा असतो. मी तुरीची डाळ निवडत बाजूला बसायचे आणि नावं ठेवायचे. "सारखंच तर हाय सारं. पुन्हा पुन्हा तेच काय मारून राह्यली?"

"तेच नाई आई. गाव बदलते, राक्षस बदलते, रस्ते बदलते. बाण तेवढे दरवेळेस राह्यते."

मग ती मला बाणांचे प्रकार सांगायची. साधे बाण. आगीचे, ज्यांनी विझलेल्या मशाली पेटतात. बर्फाचे, जे पाण्यात मारले की पाणी गोठतं आणि त्यावर पाय देत पलीकडं जाता येतं. आणि शेवटच्या राक्षसासाठी उजेडाचे, जे फार उशिरा हाती लागतात. हे तर आपल्या पुराणांतलंच आहे, असं म्हणून मी तिचा विषय निकालात काढायचे. एकदा तिनं रिमोट माझ्यापुढं धरला. "तू पाह्य न एक मारून." मी म्हटलं, मला वेळ नाही. डाळ काही पळून जाणार नव्हती. पण मी तसं म्हटलं, आणि तिनं पुन्हा कधी विचारलं नाही.

तसा तिच्यासाठी मला वेळ नव्हता असं कोणी म्हणू शकणार नाही. तिच्या चित्रकलेच्या वहीतली झाडं माझी आहेत. सव्वीस जानेवारीची भाषणं मी लिहायचे, ती पाठ करायची आणि बक्षीस आणायची. प्रकल्पाच्या वह्या मीच सजवायचे. अकरावीची शाखा मी ठरवली. पदवी झाल्यावर स्पर्धा परीक्षेचा फॉर्मही मीच भरला, तिला दाखवून सही तेवढी घेतली. अभ्यासाचं वेळापत्रक दारामागं चिकटवलं, तेही माझ्याच अक्षरात. आमच्या शाळेतल्या बाया म्हणायच्या, मॅडम, आई असावी तर तुमच्यासारखी. मला ते पटायचं.

ती दोनदा नापास झाली. दुसऱ्यांदा निकाल लागला त्या दिवशी रिठदहून माझी नणंद आलेली होती. तिनं विचारलं, काय झालं गं पोरीचं? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उठले, टीव्हीमागच्या वायरी उपटल्या, ते यंत्र तसंच उचललं आणि लोखंडी कपाटात कोंबलं. आणि नणंदेसमोर मुलीला म्हणाले, "चोवीस वर्षाची घोडी झाली, खोटे राक्षस मारून राह्यली. तुह्यापेक्षा माह्या पोटी काईच जन्मलं नसतं तरी चाललं असतं."

ती उठून स्वयंपाकघरात गेली. नणंदेला चहा करून दिला. आठ दिवसांनी पुण्याला निघून गेली. तिथं एका कंपनीत लोकांच्या तक्रारी फोनवर ऐकून घ्यायचं काम तिला मिळालं. दिवसभर अनोळखी माणसांचं ऐकणारी ती, माझा फोन उचलत नव्हती.

त्या गोष्टीला दीड वर्ष होत आलं होतं. तेवढ्या काळात मी एक वाक्य तयार करून ठेवलं होतं. मराठीची बाई आहे, वाक्य घडवायला मला वेळ लागत नाही. पण ह्याला लागला. त्यात सबब नव्हती, नणंदेचं नाव नव्हतं, निकालाचं नाव नव्हतं. मी म्हटलं ते वाईट होतं आणि खोटं होतं, एवढंच होतं. एकदा, फक्त एकदा तिनं मला फोनवर आई म्हणावं आणि मला ते बोलता यावं, याच्यापलीकडं मला दुसरं काही नको होतं. पत्र पाठवलं असतं, पण तिनं ते न उघडता परत केलं असतं. दिवाळीत ट्रॅव्हल्सनं मुंगवड्या, शेवया आणि तिखट पाठवलं होतं. रविवारी ती बाबांना म्हणाली, "आईच्या हातचं पाठवू नका, बाबा. घशाखाली उतरत नाई." खोलीतल्या मुलींनी ते खाल्लं म्हणे. छान झालं होतं म्हणे.

एप्रिलमध्ये सकाळची शाळा सुरू झाली आणि दुपारी घर खायला उठू लागलं. कूलरसमोर बसून बसून किती बसणार? एका दुपारी मी कपाट उघडलं आणि ते यंत्र बाहेर काढलं. माझ्या मुलीला माझ्यापासून ज्यानं तोडलं ते आहे तरी काय, ते मला पाहायचं होतं. हो, तोपर्यंत मी दोष त्या यंत्रालाच देत होते. वायरी जोडायला एक तास लागला. पडद्यावर काहीबाही इंग्रजी आलं, मी पहिलं बटण दाबलं आणि थेट तिच्याच खेळात जाऊन उभी राहिले. नवा खेळ वेगळा सुरू करता येतो, हे मला काय माहीत!

तळ्याकाठी तो तरुण उभा होता, शेजारी घोडा. बटण दाबून धरलं की तो दोरी ताणतो आणि हातातला रिमोट थरथरतो. सोडलं की बाण जातो. पहिला बाण गेला तेव्हा मी दचकून मागं सरकले. दुसरा गेला तेव्हा हसले. तिसऱ्यापासून मला राहवेना. दुसऱ्या दिवशी दुपारी बटण दाबलं तर काहीच जाईना. खाली कोपऱ्यात शून्य होतं. मग मला आठवलं, ती एक-एक बाण झाडातून उपटून परत घ्यायची, वाया गेला तर हळहळायची. "शेवटच्या लढाईसाठी ठेवून राह्यली, आई."

आणि त्याच रविवारी तिचे बाबा जेवायला आले ते सांगतच आले. "पोरीनं तिचा गेम मागवला. पुढच्या रविवारी ट्रॅव्हल्सवर टाकून देतो म्हटलं."

माझ्या हातात आठ दिवस होते. आधी वाटलं, झालेलं नुकसान भरून ठेवू. तिला कळायला नको. बाण कुठून मिळवायचे हे तिच्या बडबडीतून माझ्या कानावर पडलेलं होतं, ऐकत नव्हते तरी पडलेलं होतं. माठ फोडले की निघतात. गवत कापलं की निघतात. खेळातल्या दुकानात मिळतात. चोरट्या राक्षसांच्या तळावर पेटीत असतात, पण तिथं मी रोज मरायचे. मेले की खेळ पुन्हा थोडा मागून सुरू व्हायचा आणि मी पुन्हा गवताकडं वळायचे. निंदायला बसल्यासारखी मी ओळीनं गवत कापत जायचे. एखाद्या झुपक्यातून बाण निघाला की तो उचलताना टुणकन आवाज यायचा. त्या आवाजाची मला गोडी लागली.

एक दिवस तिचे बाबा अवेळी घरी आले. मी सोफ्याच्या टोकाला बसून, जीभ दाताखाली धरून, अख्खी डावीकडं वाकलेली.

"अवं, हे काय करून राह्यली तू?"

"बाण गोळा करून राह्यली."

"कोणावर सोडतं मंग? आधी सांगून ठेव, म्हंजे मी दुकानातच जेवतो."

ते हसले. मीही हसले. मुलगी गेल्यापासून त्या खोलीत आम्ही दोघं एकदम हसलो नव्हतो.

नंतर नंतर मला नुकसानीचं भान राहिलं नाही. मी तिच्यासाठी शिदोरी बांधत होते. मुंगवड्या खोलीतल्या मुलींच्या पोटात जातात, पण हे दुसऱ्या कोणाकडं जाणार नाही. कोणी भरलं हे तिला कळणारच नाही, आणि कळलं नाही म्हणजे ती घेईल. साधे बाण भात्यात मावतील तेवढे झाले. आगीचे झाले. बर्फाच्या बाणांसाठी डोंगरावर जावं लागायचं, तिथं तो तरुण थंडीनं कुडकुडायचा आणि बाहेर आमच्याकडं पारा चढलेला. त्या डोंगराच्या वाटेवर घोडा कुठंतरी मागं राहिला, तो काही पुन्हा सापडला नाही. उजेडाचे बाण मात्र मला मिळाले नाहीत, ते माझ्या आवाक्याबाहेरचं होतं. शनिवारी संध्याकाळी भाता भरला. आणखी उचलायला गेले की पडद्यावर पाटी यायची, आता जागा नाही. ती पाटी मी मुद्दाम तीनचारदा आणून पाहिली. मग यंत्र जुन्या मऊ साडीत गुंडाळलं, साडी पुन्हा काढली, कारण ती तिनं ओळखली असती, आणि वर्तमानपत्रात बांधलं.

बुधवारी दुपारी माझा फोन वाजला. माझा. पडद्यावर तिचं नाव. मी पदराला हात पुसले, हात कोरडेच होते.

"आई."

मी खाली बसले.

"माह्या गेमले कोणं हात लावला? बाबानं कोणाले देला होता का?"

मला नाही म्हणता आलं असतं. पण मला सांगायचंच होतं, तिचा आवाज ऐकला आणि मला अगदी भरतं आलं. "मी खेळली," मी म्हणाले. "तुहे बाण माह्याकडून सरले होते, मंग मीनंच भरले. साधे, आगीचे, बर्फाचे, सारे काठोकाठ. आठ दिवस बसली. आता तुले शेवटच्या लढाईत काईच कमी नाई पडत."

पलीकडं बराच वेळ काही नाही. मला वाटलं, तिला रडू येतंय. मला वाटलं, पोचलं तिला.

"आई," ती म्हणाली, अगदी हळू, रागावलेली नव्हतीच ती. "माह्या वह्या तुनं लिहिल्या. भाषणं तुनं लिहिली. शाखा तुनं घेतली, फॉर्म तुनं भरला. नापास तेवढी मी झाली. हे एकच होतं जे मी माह्या हातानं करून राह्यली होती. त्यात बी तू जाऊन बसली."

"अवं, मीनं तर फक्त बाण..."

"पुसून टाकलं मीनं ते. पह्यल्यापासून सुरू केलं."

"सारं पुसलं? मंग बाण?"

"नाईत. पह्यल्यांदा नसतेच."

आणि तेव्हा, दीड वर्ष तयार करून ठेवलेलं माझं वाक्य जिभेवर यायला हवं होतं. तिनं आई म्हटलं होतं, एकदा नाही, दोनदा म्हटलं होतं. ती फोनवर होती, ऐकत होती, ऐकून घेणं हेच तर तिचं काम. आणि मी काय म्हणाले?

मी म्हणाले, "आन मंग इकडं. पुन्हा भरून देते."

"ठेवते मी," ती म्हणाली.

मी फोन कानाशीच धरून बसले. मग लावला. तिनं उचलला नाही. पुन्हा लावला. मग ते वाक्य मी रिकाम्या खोलीत मोठ्यानं म्हणून पाहिलं. वाक्य चांगलं होतं. वर्गात फळ्यावर लिहावं असं होतं, आणि त्याचा आता काही उपयोग नव्हता.

संध्याकाळी तिचे बाबा आले. चपला काढता काढता त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि विचारलं, "काय झालं?"

"पोरीचा फोन होता."

"तुले?" ते उंबऱ्यातच थांबले. एक चप्पल पायात, एक हातात. "तुले केला तिनं? सोताहून?"

"हाव."

"काय म्हणे?"

त्यांचं तोंड असं उजळलं होतं की मला पुढचं सांगता येईना.

"गेम पोचला म्हणे."

"पाह्य!" ते म्हणाले. "म्या म्हटलं नव्हतं? आता बोलन ती. आता हळूहळू सारं बोलन." आणि चहा मी करतो, तू बस, असं म्हणत ते स्वयंपाकघरात गेले.