अकराव्या सिलिंडरचं वजन

आमच्या काकांना कबुली द्यायची सवय आहे. काहींना नखं खायची असते, तशी. एकदा बँकेतलं दोरीचं पेन त्यांच्या खिशातून घरी आलं. (दोरी आधीच तुटलेली होती, हे ते आवर्जून सांगतात.) दुसऱ्या दिवशी पेन परत केलं आणि तिथून थेट चर्चमध्ये पाळकांकडे जाऊन पाप सांगून आले. एकदा कुणाच्या तरी पुड्यातलं चौथं बिस्किट खाल्लं, तेही सांगून आले. तीन दिलेली होती, चौथं घेतलेलं होतं.

आमचे पाळक सोशिक आहेत. त्यांचं प्रत्येक वाक्य शेवटाला जिना चढतं, त्यामुळे ते काहीही बोलले तरी प्रश्न विचारल्यासारखं वाटतं. "बंधू, पेन परत केलंत नाऽ? मग देवाच्या दृष्टीने ते मिटलंऽय?"

"देवाच्या दृष्टीने मिटलं असेल," काका म्हणाले. "बँकेला विचारलेलं नाही."

थोडक्यात, काकांची सदसद्विवेकबुद्धी म्हणजे तळमजल्यावरची शेजारीण. कोण किती वाजता आलं, हातात काय होतं, पिशवी जाताना रिकामी होती की भरलेली, सगळं तिला दिसतं आणि सांगितल्याशिवाय तिला अन्न गोड लागत नाही.

काका आग विझवायचे सिलिंडर तपासतात. शाळा, कचेऱ्या, दवाखाने, जिथे भिंतीला लाल सिलिंडर टांगलेला असतो तिथे वर्षातून एकदा काका जातात, तो उतरवतात, बघतात आणि त्याच्या मानेत तारीख-सहीचा पुठ्ठ्याचा टॅग बांधून येतात. एकतीस वर्षं हेच. प्रत्येक सिलिंडरपुढे उभं राहून नाकातून, एका सुरात म्हणतात, "पिन आहे. सील आहे. नळी आहे. काटा हिरव्यात." हा सूर आमच्या घरात इतका मुरलाय की काकू बाहेर पडताना त्याच सुरात म्हणते, "गॅस बंद. नळ बंद. खिडकी बंद. किल्ली पर्समध्ये." आणि मग आत जाते, कारण किल्ली पर्समध्ये नसते.

आता एक गोष्ट समजून घ्यावी लागेल, काकांनी ती आम्हाला जेवताना शंभरदा समजावलीय. विजेच्या खोलीत वायूचा सिलिंडर ठेवतात आणि त्याला काटा नसतो. आत वायू आहे की नुसतं लोखंड उभं आहे, हे बाहेरून कळायला मार्ग नाही. एकच उपाय: सिलिंडर स्प्रिंगच्या वजनकाट्याच्या आकड्याला लटकवायचा, वजन करायचं, टॅगवर लिहायचं. मागच्या वर्षीपेक्षा कमी भरलं तर समजायचं गळतोय.

तर एका गुरुवारी काका वृद्धाश्रमात गेले. तीन मजले, अकरा सिलिंडर. अकरावा वर, तिसऱ्या मजल्यावरच्या विजेच्या खोलीत. लिफ्ट बंद होती. काकांचा डावा गुडघाही जवळजवळ बंदच आहे. ते रेलिंग धरून वर पोचले, सिलिंडर उतरवला, पिशवीत हात घातला आणि त्यांना आठवलं की वजनाचा आकडा खाली मेट्रनबाईंच्या टेबलावर राहिलाय.

बावन्न पायऱ्या. खाली बावन्न, परत वर बावन्न.

मागच्या वर्षीचा टॅग समोरच लटकत होता: अकरा किलो सातशे. काकांनी सिलिंडर हातात तोलून पाहिला. जड लागला. लोखंड जडच असतं. त्यांनी नव्या टॅगवर अकरा किलो सातशे लिहिलं, सही केली, बांधला, आणि उतरले.

मेट्रनबाई दिवसभर कमी ऐकू येणाऱ्यांशी बोलतात, म्हणून धड कानांच्या माणसांशीही तशाच बोलतात. "झाले का हो? अकराच्या अकरा?"

"हो," काका म्हणाले, आणि चहा प्यायले.

गंमत म्हणजे आतली शेजारीण गप्प. ज्या बाईने चौथ्या बिस्किटावरून घर डोक्यावर घेतलं होतं, तिला हे दिसलंच नाही. उलट तिने भलतीकडेच आरडाओरडा सुरू केला. शुक्रवारी सकाळी काका दूधवाल्याला म्हणाले, "मागच्या वर्षी मी तुमच्या दुधाबद्दल वाईट बोललो होतो. माफ करा."

"कुणाशी बोलला?"

"मनाशी."

दूधवाल्याने त्या दिवशी मापात जरा जास्त ओतलं, घाबरून. शनिवारी काकांनी माझ्या आत्याला फोन केला आणि लहानपणी तिची पाटी फोडल्याची कबुली दिली. आत्या म्हणाली, "अरे दादा, ती मीच फोडली होती. तुझ्यावर ढकललं. मार तू खाल्लास." मग काकांनी मार खाताना तिच्याबद्दल जे मनात आलं होतं, त्याची माफी मागितली.

काकू हे सगळं भाजी निवडत ऐकत होती. "छप्पर गळायला लागलं की हा माणूस भांडी घासायला घेतो," ती मला म्हणाली. मग त्यांच्याकडे वळली. "काय झालंय हो?"

"कुठे काय?"

"दोन दिवसांत तीन कबुल्या. तुमचा आठवड्याचा हिशोब दीडचा आहे."

"काही नाही गं."

महिन्याचा पहिला रविवार म्हणजे आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजन, येशूच्या आठवणीची भाकरी. सकाळी आम्ही निघालो, काकू दाराशी उभी राहिली. "गॅस बंद. नळ बंद. खिडकी..."

"आज नको ना ते," काका म्हणाले. एक बूट पायात, एक हातात.

"काय नको?"

"तो सूर."

काकूने किल्ली पर्समध्ये आहे का हे न बोलता पाहिलं. नव्हती.

प्रभुभोजनाआधी पाळक सांगतात की प्रत्येकाने थोडा वेळ गप्प बसून स्वतःच्या आत बघावंऽ? काही सलत असेल तर भाकरी घेऊ नयेऽ? या शांततेत एरवी सगळे आपापले खोकले उरकून घेतात. मग भाकरीचं ताट बाकावरून बाकावर, हातातून हातात येतं. काकांपाशी ताट आलं. त्यांनी ते दोन्ही हातांत धरलं, सिलिंडर धरतात तसं, जरा तोलल्यासारखं. आणि न घेता काकूकडे सरकवलं.

आमच्या चर्चमध्ये एखाद्याने गाणं बेसूर म्हटलं तर चालतं. तुकडा न घेता ताट पुढे सरकवलं तर मागचा अख्खा बाक पुढे वाकतो.

"घेतलं नाही हं त्यांनी."

"पोटाचं असेल."

"एवढ्याशा तुकड्याने पोट बिघडतं होय?"

"मग घरात वाजलं असणार."

काकूने हे मानेच्या मागच्या बाजूने ऐकलं. तिची मान लाल झाली. उपासना संपल्यावर तिने कुणाशी हात मिळवला नाही, काकांना फाटकाबाहेर भिंतीशी उभं केलं आणि म्हणाली, "आता बोला. माझ्याशी वाजलंय असं सगळे म्हणतायत. निदान कशावरून वाजलं ते मला कळू दे."

काकांनी सगळं सांगितलं. पायऱ्यांच्या आकड्यासकट.

काकू आधी त्यांच्याच बाजूने भांडली. "आजवर कधी कमी भरलाय तो?"

"नाही."

"मग आता कशाला भरेल?"

"नसेल भरला. पण मी मोजला असं लिहिलंय. तिथे वर पस्तीस म्हातारी माणसं झोपतात, अगं. त्यातली निम्मी माझ्यासारखी जिना उतरणारी."

"आणि साहेबांना कळलं तर?"

हा खरा मुद्दा होता. काकांच्या निवृत्तीला चार महिने होते, आणि खोटी नोंद करणाऱ्याला त्याच दिवशी घरी पाठवायचं असा साहेबांचा नियम होता. मागच्या वर्षी एकाला पाठवलंही होतं. त्याला निरोपाचा चहासुद्धा दिला नाही.

"गुरुवारपासून आत कुणीतरी सारखं दार ठोकतंय," काका म्हणाले. "मी मुद्दाम भलतीच दारं उघडून बघतोय. दूधवाला काय, पाटी काय."

काकूने पदराने मान पुसली. "आकडा कुठाय?"

"पिशवीत."

"आणि पिशवी?"

पिशवी त्यांच्या खांद्यालाच होती. चर्चला ते वजनाचा आकडा घेऊन आले होते.

वृद्धाश्रमात मेट्रनबाई दारातच ओरडल्या, "रविवारी कसे काय? आग लागली की काय?" बैठकीतले तिघे आजोबा एकदम उठून उभे राहिले. त्यातल्या एकाने आधी वर्तमानपत्र वाचवलं.

"आग नाही," काका म्हणाले. "वजन करायचंय."

"माझं कालच केलं," वर्तमानपत्रवाले आजोबा म्हणाले आणि परत बसले.

बावन्न पायऱ्या. काकू पुढे, काका रेलिंगला, मी मागे, कारण घरी जा असं कुणी म्हणालं नव्हतं. विजेच्या खोलीत काकांनी सिलिंडर आकड्याला लटकवला आणि चष्मा पुसला. सिलिंडर जरा वेळ झुलला. मग थांबला.

अकरा किलो सातशे.

काकांनी उतरवून परत लटकवला. अकरा सातशे. तिसऱ्यांदाही तेवढाच. खोटं लिहिलेला आकडा एका ग्रॅमनेही खोटा पडायला तयार नव्हता.

"सुटलो बाई," काकू पायरीवर बसत म्हणाली. "लिहिलंय तेच आहे. चला आता."

काका हलले नाहीत. टॅग जागेवर होता, आकडा बरोबर होता, साहेबांना कळायचं काही कारण उरलं नव्हतं. नुसतं खाली उतरायचं होतं. त्यांनी खिशातून कात्री काढली, गुरुवारचा टॅग कापला आणि घडी न घालता वरच्या खिशात ठेवला. मग सिलिंडरपुढे उभे राहिले. "पिन आहे. सील आहे. नळी आहे. वजन केलं." नव्या टॅगवर रविवारची तारीख घातली.

"अहो, ऑफिसात दिलेल्या कागदावर गुरुवार आहे," काकू म्हणाली. "आता ते विचारणार."

"हो."

सोमवारी साहेबांनी विचारलं. साहेब दर दोन वाक्यांनी 'विषय संपला' म्हणतात आणि पुढे अर्धा तास बोलतात. काकांनी घरी येऊन साहेबांचा तोच आवाज काढून दाखवला. त्यांना तो जमत नाही, तरी शब्द कळले.

"वजन बरोबर आहे ना? मग विषय संपला."

"बरोबर आहे हे मला गुरुवारी माहीत नव्हतं, साहेब."

"पण आहे ना बरोबर!"

"त्यात माझा काही हात नाही."

साहेबांनी डोकं धरलं. म्हणाले, मागच्याला पकडावं लागलं होतं, तुम्ही स्वतः चालत आलात, आता नियम कसा लावू? विषय संपला. मग अर्ध्या तासाने ठरलं: काकांना काढायचं नाही, पण निवृत्त होईपर्यंत त्यांच्या प्रत्येक टॅगवर दुसऱ्या तपासनिसाची सही लागेल. ती बाई काकांच्या हाताखालीच शिकलेली. एकतीस वर्षं ज्या टॅगवर एकच सही असायची, त्यावर आता चार महिने दोन. पहिल्या दिवशी ती सही करायला तयार नव्हती. "सर, तुमच्या खाली मी कशी करू?" काकांनी पेन तिच्या हातात दिलं आणि म्हणाले, "आधी आकडा बघ. मग कर."

काकू दोन दिवस साहेबांना मनातल्या मनात बोलत होती. त्याची कबुली तिने दिली नाही.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी ताट आलं, काकांनी तुकडा घेतला. मागचा बाक सरळ बसला. उपासनेनंतर काका नेहमीप्रमाणे पाळकांच्या खोलीत गेले, मी दाराशी काकूची छत्री घेऊन उभी होते.

"आता काय राहिलं, बंधूऽ? सगळं तर सांगून झालंऽय?"

"एक राहिलं," काका म्हणाले. "आकडा थांबला, अकरा सातशे दिसलं, तेव्हा माझ्या मनात पहिलं आलं, वाचलो. मी वाचलो. ती म्हातारी माणसं मनात आली नाहीत. ती नंतर आली. जिना उतरताना, दुसऱ्या मजल्यावर."

आत खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"बसा, बंधू," पाळक म्हणाले. त्यांचं हे वाक्य जिना चढलं नाही.