साफ्यासकट बसेल असा ट्रॅक्टर

उंट गेला तेव्हा जयपूरजवळ बस्सीकडच्या शेतांत बाजरीची कापणी चालू होती. म्हातारा होऊन, बसल्या जागी गेला, त्यामुळे त्याच्यासाठी फार कुणी हळहळलं नाही. काळजी वाटली ती घोड्यांच्या फार्मवर उंटगाडी हाकणाऱ्या बाबांची. त्यांचा मुलगा शहरालगत सांगानेरला कापड छापायच्या कारखान्यात होता. तो कधीचा मागे लागला होता की आता पुरे झालं, घरी चला. बाबांना जायचं नव्हतं. "त्या एका खोलीत मी काय दिवसभर भिंतीला टेकून बसू?" असं म्हणायचे. पण उंटच नाही, तर फार्मवर राहायचं कशासाठी?

मी त्या फार्मवर एका घोडीबरोबर आलो होतो. आमच्या तापीकाठच्या घोडेबाजारात फार्मच्या मालकांनी, म्हणजे साहेबांनी, ती घेतली आणि ट्रकमध्ये तिच्याजवळ बसायला कुणीतरी हवं होतं. आठवीतून शाळा सोडून मी त्या बाजारात घोड्यांना खरारा करायचो. जयपूर नक्की कुठे आहे, हे मी ट्रकमध्ये बसल्यावर विचारलं. साहेब मूळचे विदर्भातले, विमा कंपनीतून निवृत्त झालेले. बदलीवर जयपूरला आले ते इथलेच झाले. घर मालवीय नगरात, आणि बस्सीच्या अलीकडे हा छोटासा फार्म. रविवारी शहरातली मुलं घोड्यावर बसायला शिकायला यायची. इतक्या लांब मराठी बोलणारा मालक मिळाला याचं मला अप्रूप होतं. पण पहिल्या दिवशी मला जेवायला बोलावलं ते बाबांनी. "आ जा छोरा. घोड़ी तो रास्ते में खाती आई होगी, तूने कुछ खाया?" खरंच नव्हतं खाल्लं. ती बाजरीची रोटी आणि लसणाची चटणी मी आयुष्यात विसरणार नाही.

तर साहेबांनी ठरवलं, आता उंट नको, ट्रॅक्टर घेऊ. तबेल्यात घोड्यांच्या दोन रांगा होत्या, समोरासमोर, आणि मधे पत्र्याखाली एक गल्ली. घोडे मागच्या दारांनी मैदानात जायचे. गल्ली फक्त चारा आत न्यायला आणि लीद बाहेर काढायला. उंटगाडी आत शिरत नसे, म्हणून मी आणि बाबा डोक्यावर पाट्या घेऊन खेपा घालायचो. साहेबांची अट एवढीच, की डोक्यावरच्या पाट्या बंद झाल्या पाहिजेत, ट्रॉली थेट गल्लीत आली पाहिजे.

"तू पाहून ये," साहेब मला म्हणाले. "मला त्यातलं काय कळते?"

"आणि चालवणार कोण?"

"बाबांना जमलं तर बाबा. नाही तर गावातला एखादा पोरगा ठेवू. गुडघा पाह्यला ना त्यांचा?"

मला तसंही कशाचीही काळजी वाटते. घोडा शिंकला तरी मी उठून बघतो. आता तर बाबा फार्मवर राहणार की सांगानेरला जाणार, ते माझ्या निवडीवर आलं. जेवण जाईना.

बाबांना घेऊन आग्रा रोडवरच्या दुकानात गेलो. तरुणपणी त्यांनी दुसऱ्याच्या शेतावर ट्रॅक्टर चालवलेला, गुडघा गेल्यावर ते उंटाकडे वळले. दुकानाच्या दाराशी मोठे ट्रॅक्टर ओळीने उभे. विकणारा मुलगा सगळ्यात दांडग्याला थोपटत म्हणाला, "बाबासा, ये लो. पूरा गाँव देखेगा."

बाबांनी पायरीवर पाय ठेवला, दोन्ही हातांनी मडगार्ड धरलं आणि तिथेच थांबले. गुडघा उचलेना. मी मागून आधार द्यायला गेलो तर खेकसले, "हट! दुल्हन हूँ क्या, डोली में बिठाएगा?"

मागच्या कोपऱ्यात धुळीने माखलेला एक छोटा ट्रॅक्टर होता. फळबागेत दोन ओळींमधून फिरतो तसला. अरुंद, बुटका, धुराची नळी खालून बाजूला काढलेली. बाबा त्यावर खाटेवर बसावं तसे बसले. क्लच दाबून पाहिला, पुन्हा दाबला. विकणारा हसला, "ये तो बच्चों का है."

"तो हम कौन से बूढ़े हैं," बाबा म्हणाले.

मी सांगितलं, आधी फार्मवर आणून चालवून दाखवा. आमची ती तापीकाठची घोडी गाभण होती, दिवस भरत आले होते, आणि आवाजाला ती सगळ्यात जास्त बिचकायची. मैदानात ट्रॅक्टर सुरू झाला तशी तिने मान वर केली. ती मारवाडी जातीची. या घोड्यांचे कान उभे राहिले की टोकं एकमेकांना टेकतात. तिचे कान तसे टेकले, थोडा वेळ तसेच राहिले, मग सैल पडले आणि ती पुन्हा चारा खाऊ लागली. मला हायसं वाटलं. गल्लीची रुंदी मी आदल्या दिवशीच बांबूने मोजून ठेवली होती. आता काही अडणार नाही असं वाटलं.

बाबा गल्लीच्या तोंडाशी आले आणि थांबले. ट्रॅक्टर आरामात जात होता. छताच्या पत्र्याखालचा आडवा लोखंडी पाइप मात्र बरोबर त्यांच्या साफ्याच्या, म्हणजे फेट्याच्या, मधोमध येत होता. मी ट्रॅक्टर मोजला, गल्ली मोजली. वर बसलेल्या माणसाच्या डोक्यावर साफा असणार, हे आमच्या टोपी घालणाऱ्या मुलखातल्या माझ्या डोक्यात आलंच नाही.

"बाबासा, दो मिनट साफा उतार लो," विकणारा म्हणाला.

बाबांनी चावी फिरवून इंजिन बंद केलं, उतरले आणि आपल्या खोलीकडे चालत गेले. त्या भागात साफा चारचौघांत उतरवतात तो घरात मृत्यू झाला की, नाही तर कुणाच्या पायाशी ठेवायचा म्हणून. रोज लीद काढायला कोण उतरवेल?

साहेब म्हणाले, पाइप उंच करायचा तर सगळे खांब उपटावे लागतील, आणि घोडी व्यायला झालेली असताना तिच्या डोक्याशी ठोकठाक नको. विकणाऱ्याने लगेच सांगितलं की त्याच्या ओळखीचा एक पोरगा आहे, टोपी घालतो. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, दोन-चार दिवस द्या. का म्हटलं, मलाच माहीत नव्हतं.

रविवारी काकू आल्या, साहेबांच्या मिसेस. घोड्यांना गाजरं घालता घालता माझं रडगाणं ऐकून घेतलं आणि मधेच थांबल्या. "अरे, आम्ही नवीन आलो तेव्हा या गव्हाणी माझ्या छातीपर्यंत यायच्या. आता कमरेशी आहेत. मतलब, ह्या वयात मी वाढले की काय?"

मी फावडं आणलं. दरवर्षी चिखल होऊ नये म्हणून आम्ही गल्लीत मुरूम टाकायचो, त्यावर लीद तुडवली जायची, त्यावर पुन्हा मुरूम. छत होतं तिथेच होतं. जमीनच वर आली होती. खणत गेलो तर खाली विटांची फरशी लागली, चांगली धड.

मग काय, गल्ली खोदायला घेतली. आवाज नाही, ठोकठाक नाही, घोडी गव्हाणीतून तोंड काढून बघत उभी. बाबा पहिल्या दिवशी खोलीतून आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी खाट आणून गल्लीच्या तोंडाशी टाकली आणि सुरू झाले, "फावड़ा है, चम्मच नहीं. मराठा घी निकाल रहा है क्या?" मी मराठा नाही हे त्यांना कितीदा सांगितलं, पण तिकडे सगळे मराठी बोलणारे मराठाच.

ट्रॅक्टर पुन्हा आला त्या दिवशी बाबांनी धुतलेला साफा बांधला होता, केशरी. मुद्दाम उंच बांधला होता असं मला वाटलं. ते ताठ बसून आले. मान वाकवली नाही, वर पाहिलंही नाही. पाइपाखालून साफा गेला, मधे बोटभर जागा राहिली. गल्लीच्या टोकाला त्यांनी तोंडाने उंटाला थांबवायचा आवाज काढला आणि मग ब्रेक दाबला. साहेब विकणाऱ्याला म्हणाले, "हाच ठेवा."

काही दिवसांनी सांगानेरहून मुलगा बाबांना न्यायला आला. बाबांनी त्याला चहा पाजला, घोडीचं नवीन शिंगरू दाखवलं. त्याने सामान कुठे आहे विचारलं तेव्हा म्हणाले, "बैठ, छोड़ आता हूँ." मुलगा ट्रॉलीत खताच्या पोत्यावर बसला. बाबा त्याला हायवेवर जयपूरच्या बसपर्यंत सोडून आले आणि आल्या आल्या माझ्यावर ओरडले, की अजून गव्हाणी भरल्या कशा नाहीत.