गप्प बसवलेला के

माझ्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात गुडघ्याचं मोठं चित्र लावलंय. आज माझे शाळेतले इंग्रजीचे सर त्याखालचा इंग्रजी शब्द वाचत बसले होते. "नी," ते पुटपुटले.

सातवीत मी तोच शब्द "क्नी" असा वाचला होता. सगळा वर्ग हसला. "के सायलेंट असतो, मठ्ठ!" असं ओरडून सरांनी मला तासभर व्हरांड्यात गुडघ्यांवर उभं केलं. नी म्हणजे गुडघा, नॉट म्हणजे गाठ, नाइफ म्हणजे सुरी, नो म्हणजे जाणणं. सगळ्यांच्या पुढे हा के, तोंड दाबून बसवलेला. त्या खरखरीत फरशीवर मला वाटलं, हा के म्हणजे मीच. पण गप्प केलेलं अक्षर शब्दातून जात नाही. पहिल्याच जागेवर दबा धरून बसतं.

सरांनी मला ओळखलं नाही. मी त्यांचा पाय हातात घेतला आणि वाकवायला हवा त्याहून जरा जास्तच वाकवला. गुडघ्यातून कट्ट आवाज आला.

"आई गं!" सर कळवळले. "काय वाजलं हो मॅडम?"

"के वाजला, सर," मी म्हणाले. "इतकी वर्षं सायलेंट होता."