मागून ऐकणारी सोजराबाई

वडनेर भोलजीत उकंडराव बोलायला उभे राहिले की माणसं विड्या विझवून ऐकत. महाराष्ट्र राज्य नवं होतं, गावोगाव सभा भरत, आणि उकंडरावांना पार नांदुऱ्यापर्यंत बोलावणं येई. त्यांचं हे वक्तृत्व घडलं मात्र घरच्या स्वयंपाकघरात.

सभेला बायका शाळेच्या ओट्यावर, पुरुषांच्या मागे बसत. तिथून उकंडरावांच्या बायकोला, सोजराबाईला, ऐकणाऱ्यांच्या पाठी दिसत. कोण कधी खाजवतो, कोण तंबाखू मळतो, हे सगळं ती ध्यानात ठेवी आणि भाकरी वाढता वाढता नवऱ्याला ऐकवी.

"पाहुण्यांची नावं घेताघेताच अर्धे लोक चुळबुळ करायले लागले. कपाशीच्या भावावर आले तवा पाठी ताठ झाल्या. मंग पुन्हा देशभक्तीवर काऊन गेले?"

उकंडराव ताट सरकवत, रागावत, आणि पुढच्या सभेत कपाशीवरच राहत. अशी कित्येक वर्षं गेली. सांगता सांगता बोलणं कुठं पकडतं आणि कुठं सुटतं, हे सोजराबाईलाही कळू लागलं.

यंदा ग्रामपंचायतीत बायकांच्या जागेवर तिचं नाव लागलं, ते केवळ सहीपुरतं. पण बायकांच्या विहिरीला कठडा नव्हता, आणि शेजारच्या कोकिळाची पोर तीत पडता पडता वाचली. तेव्हा सोजराबाई ग्रामसभेत उभी राहून बोलली. सरपंच माणिकराव म्हणाले, "पाहू."

पाहू म्हणजे नाही. पुढल्या सभेत विषय पुन्हा काढायचा, तर आज कुठं सुटलं ते कळायला हवं होतं. आणि या वेळी तिला पाठी दिसल्या नव्हत्या. समोरून नुसती तोंडं दिसतात, आणि बाई बोलायला लागली की तोंडं फार सभ्य होतात.

घरी तिनं विचारलं, "कुठं सुटलं?"

"कुठंच नाही. बाईमाणसाच्या मानानं लय झालं."

"माणसाच्या मानानं सांगा."

"त्यात काय सांगाव? तुही हौस भागली न?"

सोजराबाईचा हात पिठातच थांबला. हौस! नवऱ्याच्या एकेका वाक्याची धूळ झाडली, तेव्हा ती कधी हौस म्हणाली होती?

"तुमचं भाषण ते काम, अन् माह्यं ते हौस? पोरीचा पाय हौसेनं घसरला काय?"

उकंडराव सुपारी कातरत ओसरीवर गेले.

सकाळी विहिरीवर तिनं बायकांनाच धरलं.

"छान बोलली बाई," विमलबाई म्हणाली.

"छान काय छान! तुम्ही मागं होत्या न? पाठी सांगा."

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. शेवटी विमलबाईनं बादली खाली ठेवली.

"राग येईल तुले."

"येऊ दे."

"पोरीचं सांगितलं तवा सारे ताठ होते. मंग तू म्हणाली, मी अडाणी बाई, चुकलं तं माफ करा. तिथं सारे सैल झाले."

राग आला, आणि चांगलाच आला. ते शब्द बोलल्याचं तिला आठवतही नव्हतं. न केलेल्या गुन्ह्याची माफी मागितली होती, भर सभेत, कुणी मागायला सांगितली नसताना!

"अजून?"

"हात लय हलवते तू. थेट नवऱ्यासारखे."

कोकिळा फसकन हसली.

"ते तं आधी बंद," सोजराबाई म्हणाली. "हं, अजून सांग."