तीन कॅमेऱ्यांतली हळद

उत्तरा राणे कॅमेरा घ्यायला दुकानात शिरते तेव्हा कुणाला कल्पना नसते, की ही बाई आता पिशवीतून ताम्हण काढणार आहे. पण ती काढतेच. ताम्हणात हळद, कुंकू, मूठभर तांदूळ आणि खोबऱ्याचा एक तुकडा. ताम्हण काउंटरवर ठेवायचं, कॅमेरा त्याच्यावर धरायचा आणि वर शांतपणे म्हणायचं, "जरा बाहेर उजेडात जाऊ या का?" बोरिवलीच्या एका दुकानदाराने वैतागून विचारलं होतं, की मॅडम, पूजा करूनच नेणार का. उत्तरा म्हणाली, "पूजा नंतर. आधी परीक्षा."

ती दहिसरला राहते आणि लग्नांची शूटिंगं करते. त्यातही जास्त करून बायकांचे कार्यक्रम, म्हणजे हळद, डोहाळजेवण, बारसं. पुरुष शूटिंगवाला आला की बायका पदर सावरत बसतात, उत्तरा असली की मोकळ्या नाचतात, म्हणून तिला बोलावणं असतं. हल्ली लोक विचारतात, फोन असताना हा कॅमेऱ्याचा पसारा कशाला. त्यावर तिचं ठरलेलं उत्तर आहे. फोन माणसाला न विचारता गोरं करतो, आणि हा चोंबडेपणा तिला अजिबात खपत नाही.

हे वेड वडिलांकडून आलं. सीताराम राणे मूळचे मालवणकडचे, परळच्या मिलमध्ये रंगखात्यात होते. रंगवलेलं सूत हातात घेऊन खिडकीकडे पळायचे. घरी साडी आणली तरी तेच. आई बल्बखाली साडी उलगडायची आणि हे म्हणायचे, "बल्बाखाली रंग बघू नको गो, तो खोटा सांगता." उत्तरा तेव्हा परकरातली पोर होती, पण डोक्यात किडा वळवळायला लागला तो लागलाच. रंग खोटा सांगतो म्हणजे काय? मग खरा कुठला?

तिच्याकडे तीन कॅमेरे आहेत. सगळ्यात जुना छोट्या कॅसेटवर चालणारा, मधला कार्डवाला, आणि नवा, ज्याच्यासाठी नवऱ्याने, हर्षदने, बोनस दिला आणि अजून त्याची आठवण करून देतो. सुट्टीच्या दिवशी ती ताम्हण खिडकीत ठेवते, तिन्ही कॅमेऱ्यांनी ते शूट करते आणि तिन्ही चित्रं एकाच टीव्हीवर लावून बघत बसते. जुन्याला कुंकू सांभाळता येत नाही, लाल रंग कडेच्या बाहेर सांडतो. मधला उजेडात राजा, पण दिवस कलला की चित्रात मुंग्या फिरायला लागतात. नवा इतका लख्ख की तांदळाचा दाणा न् दाणा वेगळा दिसावा, पण हळदीला मात्र लिंबाची झाक देतो. पिवळा रंग तिघांचाही सारखा कधी येत नाही. या गोष्टीचं तिला अजून, इतक्या वर्षांनीही, नवल वाटतं.

"ती हळद लाजली बघ," हर्षद पेपराआडून म्हणतो. "सोड आता बिचारीला, भाजीत घालू दे."

तर अशा उत्तराला मनोरीहून रोशनीचा फोन आला. रोशनी कोळ्यांची पोर, मालाडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला, लग्न ठरलेलं. एका मैत्रिणीच्या हळदीत तिने उत्तराचं काम पाहिलं होतं. "ताई, तुम्ही एकदा घरी या," ती म्हणाली. "आजी शूटिंगला नाही म्हणते. तुम्हीच समजवा."

उत्तरा मार्व्याहून बोटीने पलीकडे गेली. रोशनीची आजी अंजनाबाई अंगणात बसून सुपात सुका जवळा निवडत होती. म्हातारी बोरिवलीच्या मार्केटात मासे विकून उभी राहिलेली, आवाज खणखणीत. तिने उत्तराला चहा दिला, बिस्किटं दिली आणि मग आपल्या कोळी बोलीत सांगून टाकलं.

"कॅमेरा नको माना."

"का हो आजी?"

अंजनाबाईने सूप खाली ठेवलं. "माज्या अक्षताला ह्याच अंगनान हलद लावली. ह्या हातांनी लावली. पिवलीधमक. नि टीवीवर शीडीन बगतंय तं पोर निली. मेलेल्या मानसासारकी." ती थांबली. "रोशनी रांगत होती तवाच गेली ती, काविलीन. आता डोले मिटले तरी माना ती निलीच दिसते. हलदीतली पिवली पोर दिसतच नाय."

अक्षता म्हणजे रोशनीची आई. रोशनी दाराला टेकून उभी होती. "ताई, माझ्याकडे आईचा एक फोटो आहे, स्टुडिओतला, उभा. तिला हलताना, बोलताना मी कधी पाहिलंच नाही. आजी सीडी लावूच देत नाही."

"त्या निल्या भुताला आई म्हनाचा हाय काय तुला?" अंजनाबाई म्हणाली, आणि मग तिने तोंड फिरवलं. उत्तराला दोघींचं वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर त्याच क्षणी डोक्यातला जुना किडाही वळवळला. हळद निळी कशी होईल? तिने आजवर हळद लिंबाची पाहिली होती, केशरी पाहिली होती, निळी कधीच नाही.

"सीडी आहे अजून?"

रोशनीने बिस्किटांचा डबा आणला. त्यात सीडी होती आणि तिच्याखाली शूटिंगवाल्याने दिलेली मूळ कॅसेट, छोटीशी. ती घरात कुणी कधी लावलीच नव्हती, कारण लावायला यंत्र नव्हतं.

"मी नेऊ का ही?"

"ने," अंजनाबाई म्हणाली. "पन माज्या घरान दाकवाचा नाय."

घरी आल्यावर उत्तराने जुना कॅमेरा काढला, कारण ती कॅसेट चालवणारा तोच एक. कॅसेट मध्येच कुठेतरी थांबलेली होती, तिथूनच तिने सुरू केली. अंगण, मांडव, बँजो, बायका. आणि मध्ये पाटावर एक पोरगी, हसणारी, आणि तिचा चेहरा खरोखर निळसर पांढरा. गालावरची हळद खडूसारखी. हर्षद मागे येऊन उभा राहिला आणि त्याने हातातला पेपर मिटला. असं तो सहसा करत नाही.

आधी तिला वाटलं, कॅसेट खराब झाली. पण कॅसेट खराब झाली की चित्र फाटतं, ठिपके पडतात, आणि हे तर स्वच्छ होतं. मग वाटलं, मांडवातल्या हॅलोजन दिव्याचा दोष. पण हॅलोजन पिवळा, त्याच्याखाली सगळं पिवळंच दिसायला हवं. मग निळं कुणी केलं? जेवण झालं, भांडी झाली, प्रश्न काही सुटेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ताम्हण मांडलं. प्रत्येक कॅमेऱ्याला आधी सांगावं लागतं, की बाबा, हे बघ, हे पांढरं. त्याच्या समोर पांढरा कागद किंवा कापड धरायचं, बटण दाबायचं, मग तो बाकीचे रंग त्या पांढऱ्यावरून ठरवतो. उत्तराने मुद्दामच खोडी काढली. आपली पिवळी ओढणी तिन्ही कॅमेऱ्यांसमोर धरली आणि सांगितलं, हे पांढरं. मग ओढणी काढली.

तिन्ही टीव्हीवर लावले. तिन्ही कॅमेऱ्यांत हळद खडूसारखी झाली होती आणि तिचा स्वतःचा हात निळा. इतकी वर्षं कुठल्याच पिवळ्यावर एकमत न झालेले तिघे या एका थापेवर मात्र एक झाले होते.

"सापडलं," ती म्हणाली. "कुणीतरी त्याला पिवळं दाखवून पांढरं म्हणून सांगितलं."

"कोण असा गाढव?" हर्षद म्हणाला.

तेच तर बघायचं होतं. तिने कॅसेट पार सुरुवातीपर्यंत मागे नेली आणि बघितलं. बघून झाल्यावर पुन्हा मागे नेऊन बघितलं. मग खुर्चीवर बसून राहिली. डोळ्यांत पाणी, आणि तोंडावर हसू.

नंतरचं काम सोपं होतं, फक्त चिकाटीचं. अक्षताच्या पुढ्यातल्या ताटात तांदूळ होते. तांदूळ पांढरेच असणार, त्यांना कुणी काय म्हणून सांगितलं तरी. उत्तराने संगणकावर त्या निळ्या तांदळांना हळूहळू पांढरं केलं, आणि तांदूळ पांढरे होत गेले तशी हळद पिवळी होत गेली. किती पिवळी करायची ते तिने खिडकीतल्या ताम्हणाकडे बघून ठरवलं. चित्र काही झकास नव्हतं. शूटिंगवाल्याचा कॅमेरा जुना, मुंग्या होत्याच, लाल बांगड्यांचा रंग मनगटावर सांडला होता. पण पोरगी जिवंत दिसत होती.

रविवारी ती मनोरीला गेली. अंजनाबाईने दारातच सांगितलं, "मी बगनार नाय."

"नका बघू. तुम्ही तुमचा जवळा निवडा. फक्त ऐका."

रोशनी टीव्हीसमोर बसली. म्हातारी टीव्हीकडे पाठ करून सूप घेऊन बसली. उत्तराने सुरू केलं, अगदी पहिल्यापासून, सीडीतून कापून टाकलेल्या तुकड्यापासून.

आधी शूटिंगवाल्याचा आवाज आला. "ताई, काहीतरी पांढरं धरा ना समोर. रंग सेट करायचाय."

मग एका तरुण पोरीचा. "पांढरा? ही घे. ही साडी पांढरीच नेसवलीय माना."

पडदाभर पदर आला. हळदीने माखून पिवळाजर्द झालेला.

"अगो सटवे," कुणीतरी बाई ओरडली, "पिवली झालीय ती सगली."

"पांढरीच हाय. दुकानवाल्याला इचार."

बायका खदखदून हसल्या. शूटिंगवालाही हसला असणार, आणि हसता हसता त्याने बटण दाबलं.

सुपातला हात थांबला होता. सटवे म्हणणारा तो आवाज अंजनाबाईचाच होता. ती वळली, सूप मांडीवर तसंच. पदर बाजूला झाला आणि पाटावर अक्षता होती, कानापर्यंत पिवळी, आपल्याच खोडीवर हसून लोळत.

रोशनी रडत होती आणि पुसतही नव्हती, मधलं काही दिसायचं राहील म्हणून.

"हिनाच केला," अंजनाबाई शेवटी म्हणाली. "बग गो रोशनी. तुज्या आईनाच केला ह्यो सगला. आनि मी येरी, इतकी वर्सा त्या शूटिंगवाल्याला शिव्या घालतंय." आणि ती हसायला लागली. हसता हसता जवळा सांडला, आणि मग ती पदरात तोंड घालून रडली, मोठ्याने, पोर गेली त्या दिवशी रडली नसेल अशी. उत्तरा सांडलेला जवळा गोळा करत राहिली, कारण दुसरं काय करावं ते तिला कळेना.

मग म्हातारीने नाक पुसलं. "परत लाव," ती म्हणाली. "ते दुकानवाल्याचा."

रोशनीच्या हळदीला उत्तरा तिन्ही कॅमेरे घेऊन गेली. मांडवात बँजो तापत होता, बायकांचे हात कोपरापर्यंत पिवळे झाले होते. तिने पिशवीतून पांढरा कागद काढला, तोच अंजनाबाई घरातून बाहेर आली. हातात दुकानातून आणलेलं कोरं पांढरं कापड, घडीसुद्धा न मोडलेलं.

"कागूद ठेव तो," ती म्हणाली. "मी धरतंय."

मांडवातल्या बायका जवळ सरकल्या तशी तिने सगळ्यांना हाताने मागे लोटलं. "हलदीचा हात ह्याला लागला तं बगा. एक पोर निली केलीय आमी. ही पिवलीच दिसली पायजे."

तिने कापड उलगडलं आणि दोन्ही हातांनी वर धरलं. उत्तराने तिन्ही कॅमेऱ्यांना सांगितलं, हे पांढरं, आणि बटणं दाबली. उत्तराने तीनदा "झालं आजी" म्हटलं तरी म्हातारीने कापड खाली घेतलं नाही.